तुम्ही विचारलंत म्हणून: स्लॅब फोडावा का?

"मावशी, फोडू का गं हा स्लॅब?"

भाच्याने न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल लावून हे विचारलं, तेव्हा त्याच्या हातात पारदर्शक प्लास्टिकची जाड पाटी होती आणि पाटीच्या आत एक कॉमिक. तेव्हापासून हा प्रश्न मला कुठेही भेटतो. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना भेटतो, मुंजीच्या पंगतीत भेटतो. मी बडोद्यात जुन्या कागदांच्या संवर्धनाचं काम करते. म. स. विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी विभागात शिकले. हा विभाग १९५२ पासूनचा. पोथ्या, सनदा, वंशावळी, नकाशे, आजोबांच्या डायऱ्या असं काय काय माझ्या टेबलावर येतं. गेल्या काही वर्षांत त्यात कॉमिक्सची भर पडली, कारण आमच्याकडे घरटी एक माणूस परदेशात आहे आणि तिथून येताना मुलं वडिलांसाठी हे स्लॅब आणतात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅरासोटा शहरात सीजीसी नावाची कंपनी आहे. २००० साली ती सुरू झाली. तुम्ही कॉमिक पाठवायचं, त्यांचे जाणकार ते पानन् पान तपासतात, ०.५ ते १० मध्ये श्रेणी देतात आणि अंक कडक प्लास्टिकमध्ये बंद करून वर पट्टी लावतात. पट्टीवर अंकाचं नाव, श्रेणी, पानांचा रंग आणि एक नोंदणी क्रमांक. हा झाला स्लॅब. सुटा अंक म्हणजे रॉ. स्लॅब फोडणं म्हणजे क्रॅक करणं. एकदा फोडला की ती श्रेणी गेली. पुन्हा हवी असेल तर पुन्हा पाठवा, पुन्हा पैसे भरा, आणि पूर्वीचाच आकडा मिळेल याची हमी नाही.

या आकड्यावर किती पैसा उभा आहे ते एका उदाहरणावरून कळेल. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक जून १९३८ चा, किंमत १० सेंट. त्याची ८.५ श्रेणीची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरना लिलावात गेली. एवढ्या मोलाची वस्तू विकत घेणाऱ्याला, पानं कुणीतरी त्रयस्थाने मोजली आहेत, रंगाचा हात फिरवलेला नाही, आतलं काही कापलेलं नाही, याची खात्री हवीच. ही खात्री देण्याचं काम स्लॅब चांगलं करतो आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण लोक माझ्याकडे येतात ते वेगळंच गृहीत धरून. त्यांना वाटतं, प्लास्टिकमध्ये गेला म्हणजे अंक सुरक्षित झाला. तिजोरीत गेला.

तसं नाही. का नाही, ते मला २०२४ च्या पुराने दाखवलं.

त्या वर्षी जन्माष्टमीच्या सुमारास आजवा सरोवर भरलं, विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये तळमजले बुडाले. रस्त्यावर मगरी आल्याच्या बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील. आमच्या कामात पूर म्हणजे युद्धपातळी. दिवसाला वीस-वीस फोन. बहुतेक फोटोंचे आणि घराच्या दस्तऐवजांचे. पाणी उतरल्यावर पाचव्या दिवशी समा भागातले एक निवृत्त गृहस्थ आले. टॉवेलात गुंडाळलेले तीन स्लॅब. मुलाने टोरांटोहून आणलेले. दोन खालच्या फडताळात होते, दीड दिवस पाण्याखाली. तिसरा वरच्या माळ्यावर, कोरडा.

त्या दोन स्लॅबांच्या आत पाणी होतं. खालच्या कोपऱ्यात साचलेलं, गढूळ, आणि वरच्या भागात आतून धुकं. स्लॅब हवाबंद नसतो. सांध्यांतून हवा येते-जाते, म्हणजे पाणीही येतं. आणि एकदा आत आलं की बाहेर जायची वाट अरुंद. बाहेर पडलेला अंक दोन दिवसांत वाळला असता, तो आत भिजत राहतो.

मी विचारलं, "पाच दिवस का थांबलात?"

ते म्हणाले, "ताई, पट्टीवर ९.२ आहे. फोडलं तर ९.२ जाईल ना."

मला त्यांचं वाईट वाटलं, रागही आला. त्यांच्यावर नव्हे. पाणी शिरलं त्या रात्रीच ते ९.२ वाहून गेलं होतं. पट्टी मात्र तशीच होती, स्वच्छ, छापील, आत काय चाललंय याची दखल न घेता. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरायला लागते, ऑगस्टमधल्या बडोद्याच्या हवेत तर त्याहून लवकर. पहिल्या दिवशी फोडला असता तर दोन्ही अंक पुष्कळ बऱ्या अवस्थेत हाती आले असते. लगेच फोडणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला असता तरी वेळ मिळाला असता.

आम्ही ते दोन फोडले. पहिल्याचं गुळगुळीत मुखपृष्ठ आतल्या प्लास्टिकला चिकटलं होतं. सोडवताना निळ्या शाईचा एक तुकडा प्लास्टिकवरच राहिला. आतली पानं न्यूजप्रिंटची, ओल्या पापडासारखी. दर दोन तासांनी टिपकागद बदलत, पंख्याचा झोत अंगावर न घेता, चार दिवस गेले. पिनांच्या गंजाचे डाग राहिले. मध्यावर पाण्याची तपकिरी रेघ राहिली. ती मी काढलीही नाही. काढायला गेलं असतं तर कागद गेला असता.

दुसरा अंक १९७४ चा, मार्व्हलचा. त्या काळात मार्व्हल आपल्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक चौकोनी तिकीट छापत असे आणि पोरं ते कात्रीने कापून वहीत चिकटवत. कापलेलं असेल तर अंकाची किंमत कोसळते. इथे ते शाबूत होतं. मी पान उलटून दाखवलं. ते गृहस्थ खुर्ची ओढून बसले आणि पत्रं वाचायला लागले. कुणा मुलाने गोष्टीतली चूक काढली होती, संपादकाने त्याला उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, "अडीच वर्षं घरात आहे हा. आत काय आहे ते आज पाहतोय."

आता माझं मत सांगते. श्रेणी ही एका दिवसाची साक्ष आहे. त्या दिवशी, त्या टेबलावर, अंक असा होता. पुढे कागद आपलं आयुष्य जगतच राहतो. जुन्या कॉमिक्सचा कागद यांत्रिक लगद्याचा. लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहिलेलं असतं, त्याच्यामुळे तो पिवळा पडतो, आम्ल धरतो, शेवटी कुरकुरीत होतो. सीजीसीवाले मुखपृष्ठांच्या आतल्या बाजूला आम्ल शोषणारा खास कागद ठेवतात. चांगली गोष्ट आहे. पण शोषून शोषून तोही संपतो. आणि आपल्याकडे मे महिन्यातला ४२ अंशांचा माळा किंवा उन्हं येणारी भिंत असेल तर प्लास्टिक काहीच करू शकत नाही. शिवाय स्लॅब आदळला, कुरिअरमध्ये हेलकावला तर आतल्या आत अंक सरकतो आणि कोपरे दुमडतात. संग्राहकांत याला शेकन कॉमिक सिंड्रोम असं नावच आहे. सीलवर डोळे मिटून विसंबणाऱ्यांना आणखी एक आठवण देते. २०२३ च्या अखेरीस उघडकीला आलं की कुणीतरी स्लॅब उघडून आत हलक्या प्रती सरकवल्या होत्या आणि कंपनीकडूनच नवी प्लास्टिकची कवचं मिळवली होती.

आपल्याकडे पोथी लाल खारव्यात बांधतात. कापड श्वास घेतं. दसऱ्याच्या आसपास, पावसाळा सरला की, ती सोडायची, वारा द्यायचा, कसर लागली का पाहायचं, वेखंडाची पुरचुंडी बदलायची, पुन्हा बांधायची. म्हणजे राखायचं असेल तर वरचेवर उघडून पाहायला हवं, हे आपल्या लोकांना ठाऊक होतं. पोथीच्या शेवटी नकलणारा जो श्लोक लिहून ठेवतो त्यात पोथी स्वतःच सांगते की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. मला कुणी उघडूच नये, असं मात्र ती म्हणत नाही.

भाच्याच्या हातातला तो स्लॅब पुढे माझ्याकडेच आला. दिवाळीला त्याने मला भेट दिला. चार्ल्टन कंपनीने १९७० च्या दशकात काढलेला फँटमचा अंक, चित्रं डॉन न्यूटनची, श्रेणी ७.५. मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली मुलगी. १९६४ साली टाइम्सवाल्यांनी सुरू केलेली ती मालिका १९९० मध्ये थांबली. त्यातला मराठी वेताळ, म्हणजे हाच फँटम, मुंबईहून मामा आणायचा. आमच्या बाबांनी बारा-बारा अंक दोऱ्याने शिवून, कडा कापून, जाड पुठ्ठ्यात बांधले होते. संग्राहकाच्या हिशेबाने तो खूनच. कापलेल्या कडा, सुईची भोकं, वर शाईने माझं आणि दादाचं नाव. पण ते बाड आम्ही वाचलं, आमच्या मुलांनी वाचलं, अजून पान सुटलेलं नाही. अशा घरातल्या बाईच्या हातात वेताळ आला आणि तो उघडायचा नाही? मी तीन महिने कळ काढली, मग फोडला.

चार्ल्टनची छपाई स्वस्तातली म्हणून प्रसिद्धच होती. रंग रेषेबाहेर सांडलेले, कागद तांबूस. वेताळाच्या जंगलात मी तासभर होते. या अंकाची ग्रेडिंगची फी आणि टपालखर्च मिळून अंकाच्या किमतीहून जास्त भरले असते. अशा अंकाबाबत मला मुळीच शंका नाही. फोडा आणि वाचा.

पिवळी पट्टी असेल तर मात्र फोडू नका. चित्रकाराने कंपनीच्या साक्षीदारासमोर सही केली, हे सांगणारी ती पट्टी आहे. फोडलात की सही राहते, साक्ष जाते. फार मोलाचा अंक असेल आणि कधीतरी विकायचा असेल तर फोडू नका. जांभळी पट्टी, म्हणजे डागडुजी झालेला अंक, असेल तर उगीच उघडू नका. तो रंग, तो डिंक कुणी कसला वापरलाय हे जाणकाराला पाहू द्या. आणि चांगल्या श्रेणीचा अंक फोडून, दाबून, वरची श्रेणी मिळेल म्हणून परत पाठवायचा जो खेळ चालतो, त्यात मला अजिबात रस नाही. कागदाला उष्णता आणि दाब दरवेळी सोसावा लागतो, आणि तो आकड्यासाठी सोसायला लावणं मला अन्याय वाटतो.

फोडायचं ठरलंच तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा. टेबलावर स्वच्छ चादर, हात धुतलेले आणि कोरडे. चपटा डिसमिस वरच्या कोपऱ्यात, पट्टीच्या बाजूला घाला, अंकाच्या बाजूला कधीच नाही. हळू पिळा. सांधा कट्‌ आवाज करून सुटतो, त्या आवाजाने दचकू नका. कडक कवच निघालं की आत आणखी एक मऊ पाकीट असतं. ते कात्रीने कडेकडेने कापा, आणि अंक ओढून काढू नका, पाकीटच उघडून बाजूला करा. पट्टी फेकू नका. नंतर मायलरच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या पाकिटात आम्लरहित पुठ्ठ्यासह ठेवा. स्टेशनरीच्या दुकानातलं मऊ, वास येणारं पीव्हीसीचं फोल्डर नको, त्यातून निघणारी द्रव्यं शाईला धरतात. सेलोटेप तर घरातच नको. लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, जमिनीपासून वर. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. डांबराच्या गोळ्या अंकाला लागून ठेवू नका.

समाच्या त्या गृहस्थांना दोन्ही अंकांसाठी मी आम्लरहित पुठ्ठ्याचे डबे करून दिले. पुन्हा स्लॅब करायचा का, असं मी विचारलं तर नको म्हणाले. तिसरा, कोरडा राहिलेला, पिवळ्या पट्टीचा होता. पुराच्या धसक्याने तोही फोडून द्या म्हणत होते. मी दिला नाही. त्याच्यासाठी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, जागा केली आहे. गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "ताई, तिन्ही वर नेलेत. तिकिटवाला मात्र खाली आणलाय, दुपारी वाचायला."