अकरा महिन्यांचं वर्ष

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाच्याला घेऊन सदाशिव पेठेत खोली शोधत फिरत होतो. तो लातूरहून आलेला, एमपीएससीचा अभ्यास करायचाय. या दिवसांत पेठेत विजेचा एक खांब मोकळा सापडत नाही. 'मुलांसाठी कॉट बेसिस', 'अभ्यासिका २४ तास', 'घरगुती मेस, रविवारी फीस्ट'. परवाच्या कागदावर कालचा, कालच्यावर आजचा. पावसाची एक जोरदार सर आली की सगळे थर सुटून खांबाच्या पायाशी लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी खळीचा डबा घेऊन माणूस पुन्हा हजर.

खोली मिळाली. एका खोलीत तीन कॉट, खिडकी दीड. (अर्ध्यापुढे शेजारच्या इमारतीची भिंत.) संध्याकाळी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. पंच्याहत्तरीच्या घरमालकांचा अंगठा यंत्राला काही केल्या पटेना. पंचाला पुसून झाला, पाण्याचं बोट लावून झालं, शेवटी डाव्या हातावर भागलं. करार अकरा महिन्यांचा.

"मामा, अकराच का? सरळ वर्षाचा का नाही?"

पोरगा स्पर्धा परीक्षेचा, त्यामुळे थातुरमातुर उत्तर चालणार नव्हतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. नोंदणी म्हणजे खर्च आणि खेटे, म्हणून लोक एक महिना अलीकडेच थांबायला लागले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यानं अकरा महिन्यांचा करारही नोंदवणं घरमालकावर बंधनकारक केलं. म्हणजे ज्या कारणासाठी अकरा होते ते कारण संपलं. अकरा मात्र आहेत तिथेच आहेत.

या अकराशी माझी जुनी ओळख. मे २००० मध्ये लग्न झालं आणि १ जूनला आम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर दोन खोल्यांत राहायला गेलो. मालकीणबाईंना सगळा वाडा आजी म्हणायचा. पहिला करार ३० एप्रिलला संपला, दुसरा मार्चअखेर, तिसरा फेब्रुवारीअखेर. दर खेपेला तारीख एक महिना मागे सरकते हे माझ्या लक्षात यायला तीन करार जावे लागले. चांद्रवर्षही असंच मागे पडतं, पण पंचांगकर्ते तिसऱ्या वर्षी अधिक महिना घालून त्याला जागेवर आणतात. भाडेकरूच्या वर्षाला अधिक महिना नाही. ते घरंगळत राहतं.

आणि घरंगळताना पैसे बदलतात. एप्रिलअखेर करार संपला तेव्हा आजींनी भाडं दहा टक्के वाढवलं. मी कुरकुर केली, तर म्हणाल्या, "अहो, महिनाभरात कॉलेजची पोरं येतील. तुम्ही नाही म्हणालात तर माझं काही अडत नाही." खरंच होतं ते. बदल्या, शाळांचे प्रवेश, कॉलेजं, सगळं मे ते जुलैत एकावर एक येतं आणि तेव्हा पेठेत खोली विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. तोच करार २००५ साली नोव्हेंबरअखेर संपला, तेव्हा आजींनी आपणहून पाच टक्के सांगितले आणि वर चहा दिला. डिसेंबरात कोण घर बदलतं? जो तो आपापल्या जागी रुजलेला. रिकामी खोली मग जूनपर्यंत अंगावर.

खाली तळमजल्यावर मात्र ऋतूच नव्हता. तिथली तीन बिऱ्हाडं १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या आसऱ्यानं दोन पिढ्या बसलेली. भाडं वीस रुपयांच्या आत. करार कधी संपतो हा प्रश्नच त्यांना कळला नसता. त्यांच्याकडे ऋतू यायचा तो मेअखेरीस, महापालिकेच्या नोटिशीच्या रूपानं: वाडा धोकादायक आहे, पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करा. नोटीस दिंडीदरवाजाला चिकटायची, मग कौलांवर निळी ताडपत्री चढायची आणि दुरुस्तीचा खर्च मालकानं करायचा की भाडेकरूनं हा वाद दिवाळीपर्यंत पुरायचा.

विकतच्या घरांचं गणित वेगळं, ते मुहूर्तावर चालतं. पितृपक्षात वर्तमानपत्र हाताला हलकं लागतं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेच बिल्डरांच्या जाहिरातींनी उशीएवढं होतं. सरकारनं एकदा स्वतःचा ऋतू काढला होता. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट. आता बघा, लगेच २ तारखेला पितृपक्ष लागला आणि तो संपतो न संपतो तोच अधिक आश्विन, थेट १६ ऑक्टोबरपर्यंत. चारातला दीड महिना निषिद्धच! माझ्या चुलतभावानं वहिनींच्या नाकावर टिच्चून अधिक महिन्यात फ्लॅट बुक केला. "लाख-दीड लाख वाचतायत, हाच मुहूर्त," म्हणाला. दूध उतू घालवायला मात्र दोघं दसऱ्यालाच गेली. पैशांचा मुहूर्त वेगळा, दुधाचा वेगळा.

आमचा आठवा करार ३० सप्टेंबर २००७ ला संपत होता. सिंहगड रस्त्याला स्वतःचा फ्लॅट तयार होता, किल्ल्या हातात होत्या. पण २७ सप्टेंबरला पितृपक्ष लागलेला. नव्या घरी जाता येईना, जुन्यात राहायचा हक्क संपलेला. आजींनी पुढचा भाडेकरू ठरवला असणार या भीतीनं मी दोन दिवस त्यांच्यासमोर जायचंच टाळलं. शेवटी त्यांनीच जिन्यात गाठलं.

"पितृपक्षात कोणी कोणाला घराबाहेर काढतं का? दसऱ्यापर्यंत राहा. नवीन माणसालाही तेच सांगितलंय, तोही यायला तयार नाहीये."

२१ ऑक्टोबरला दसरा. सकाळी टेम्पो दारात उभा राहिला. कपाट, गॅस, पुस्तकांच्या पेट्या चढल्या. देव बायकोनं मांडीवर घ्यायचे ठरलं होतं. मी नमस्काराला आजींच्या खोलीत गेलो. त्यांनी हातावर आपट्याचं पान ठेवलं, पाठीवरून हात फिरवला, डोळेही जरा पाणावले. मग फळीवरचं पावतीपुस्तक काढलं, चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं: एकवीस दिवसांचं भाडं.

"आजचा दिवस धरलाय हं," म्हणाल्या, "दुपारपर्यंत आहात ना."