मंडईचं वर्तुळ फसलं, आणि डोक्यात नवीन खूळ

मंडळी, आधी वाईट बातमी. पुण्याच्या मंडईचं वर्तुळ फसलं. (नवीन मंडळींसाठी: जमिनीखालच्या मेट्रो स्टेशनभोवती वर्तुळ काढायचं आणि आतल्या जुन्या वास्तू पायी फिरायच्या, हा आपला खेळ.) फिरणं झालं, फोटो झाले, पण ट्रॅक, म्हणजे फोननं नोंदवलेली चालायची वाट, इथं टाकायच्या लायकीचा राहिला नाही. मागं मुंबईच्या हुतात्मा चौकाच्या वर्तुळात परभणीच्या सरांच्या ट्रॅकला चार टाके (जीपीएस तुटलं तिथं सरळ रेषेनं जोडलेले तुकडे) दिसले म्हणून मी केवढी नाकं मुरडली होती, आणि आता मपल्या ट्रॅकला अकरा टाके पडलेत, त्यामुळं सर, तुम्ही काय लिहिणार ते माहितीय, लिहा, आज तुमचा दिवस.

रात्रीची एसटी धरली, पहाटे वाकडेवाडीला उतरलो (शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामात गेलं तेव्हापासून आपल्या गाड्या तिथंच थांबतात). प्लॅन सोपा होता. सिव्हिल कोर्ट, कसबा पेठ, मंडई, जमिनीखालची तीन स्टेशनं, प्रत्येकी सातशे मीटरचं वर्तुळ, १९०० च्या आधीचं जे जे आत येईल ते पायी, एका दिवसात. हा सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट तुकडा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला तेव्हापासून मनात होता, आपल्या मराठवाड्यात जमिनीखालचं स्टेशन येईपर्यंत थांबलो तर नातवंडांनाच वर्तुळ काढावं लागेल.

सिव्हिल कोर्टला सगळं झकास झालं. हे स्टेशन ३३.१ मीटर खोल आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक, आणि तरी वरून उजेड थेट खाली येतो. मला फोनच्या बॅरोमीटरनं (हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरनं) ही खोली मोजून बघायची होती, तुम्ही सगळे मागं हसला होता. वर रस्त्यावर रीडिंग घेतलं, खाली प्लॅटफॉर्मवर घेतलं, दाबातला फरक ३.६ हेक्टोपास्कल. आपण नेहमी एका हेक्टोपास्कलला साडेआठ मीटर धरतो, त्या हिशोबानं ३०.६ आले आणि मी जरा खट्टू झालो, मग लक्षात आलं की पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, हवा पातळ, इथं नऊच्या आसपास धरायला पाहिजे. नऊनं गुणलं, ३२.४! प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या एकट्यानंच टाळी वाजवली. एक गोष्ट ध्यानात ठेवा, गाडी बोगद्यातून येताना हवा पुढं ढकलत आणते आणि आकडा नाचतो, त्यामुळं गाडी जाऊ द्यायची, मिनिटभर थांबायचं, मग वाचायचं.

कसबा पेठ पण ठीक. कसबा गणपती, मग शनिवारवाडा, १० जानेवारी १७३० ला कामाला सुरुवात आणि १८२८ च्या आगीत आतलं सगळं खलास, आज उभी आहे ती तटबंदी आणि आत नुसते जोते. लाल महाल आपल्या नियमात बसत नाही, आत्ताची इमारत १९८० च्या दशकातली आहे, शाहिस्तेखानाची बोटं १६६३ ला छाटली ती जागा हीच म्हणा, पण भिंती त्या नाहीत. नोंद केली नाही. त्यावर भांडायचं असेल तर वेगळं भांडू.

त्रिशुंड गणपतीला मात्र तासभर गेला. सोमवार पेठेत नागझरीजवळ, १७५४ ला गोसाव्यांनी बांधायला घेतलेलं, काळ्या दगडाचं, आणि दर्शनी भिंतीवर चक्क साखळदंड घातलेला गेंडा आणि त्याच्या बाजूला गोरे शिपाई. आत संस्कृत शिलालेखांच्या सोबत एक फारसी शिलालेख. खाली तळघरात समाधी, तिथं पाणी असतं, गुरुपौर्णिमेला लोकांना उघडतात. वेरूळ बघून बघून डोळे जड झालेल्या माणसाला सुद्धा हे छोटंसं देऊळ खिळवून ठेवतं. ज्यानं ज्यानं पुण्यात जाऊन नुसतं तुळशीबागेत खरेदी केलीय त्यानं शरमेनं मान खाली घालावी, मी पण घातली.

आता मंडई.

खालून वर आलो, फोन काढला, नकाशा उघडला. तुळशीबाग दाखवत होता समोर. चाललो. दहा मिनिटं चालून पण तुळशीबाग येईना. आता तुम्ही म्हणाल लेका, विचारायचं ना कोणाला, पण आपला नियम आहे ना पहिला फेरा नकाशावर, तो मीच घालून दिलाय. निळा ठिपका एकदा उजवीकडच्या घरात, एकदा डावीकडच्या वाड्यात, एकदा तर फोनच्या मते मी स्वारगेटला होतो. परत स्टेशनला आलो, दुसऱ्या गेटनं खाली जाऊन वर आलो, तेच. तिसऱ्यांदा तेच. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत (तिथल्या अंधाऱ्या भुयारी वाटेत) शिरलेल्या शत्रूला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी भर उन्हात कळलं. तिथं तर मुद्दाम वळणं घालून दिशा चुकवली होती, इथं पाट्या आहेत, बाण आहेत, सरकते जिने आहेत, आणि तरी माणूस वर आला की त्याला उत्तर कुठं ते सांगता येत नाही, कारण खाली तो किती वेळा वळला ते त्याला कळलेलंच नसतं.

पहिला संशय जीपीएसवर. खाली सॅटेलाइटचा सिग्नल येत नाही, हे आपल्याला सगळ्यांना माहिती, फोन तेव्हा टॉवर आणि वायफायवरून अंदाज ठोकतो, म्हणून ते स्वारगेट. वर आल्यावर त्याला परत कमीत कमी चार सॅटेलाइट हुडकायला वेळ लागतो, त्यात पेठेतल्या अरुंद गल्ल्या, सिग्नल भिंतींवर आपटून येतो, ठिपका उड्या मारतो. बरं, म्हणून मंडईच्या मोकळ्या जागेत पाच मिनिटं थांबलो. ठिपका शहाण्यासारखा बसला. पण दिशा? दिशा अजून उलटीच. ठिपक्यापुढचा बाण तुळशीबाग म्हणून पाठ दाखवत होता.

मग कंपासवर संशय. फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठ काढायला लागलो, एकदा, दोनदा, दहादा. भाजी घेऊन बसलेल्या एक मावशी बराच वेळ बघत होत्या, शेवटी म्हणाल्या, "रेंज अशी येत नसते, तिकडं त्या खांबाकडं जा." मी म्हटलं मावशी रेंज नाही हो, दिशा बघतोय. तर म्हणाल्या, "मग सूर्य कुठंय?"

हाव, सूर्य. पण दुपारचे साडेबारा, सूर्य डोक्यावर. मंडईच्या त्या अष्टकोनी बुरुजाची सावली सुद्धा पायाशी. (ही इमारत १८८६ ची, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट. त्याआधी बाजार शनिवारवाड्यापुढं भरायचा. गंमत म्हणजे महात्मा फुले नगरपालिकेत असताना एवढ्या खर्चाला त्यांचा विरोध होता, आणि नंतर आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं नाव त्यांचंच लागलं.)

शेवटी जालन्याच्या काकांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कव्हर कोणतं घातलंय?"

मंडळी, मी मागच्या आठवड्यात अडीचशे रुपयांचं झाकणवालं कव्हर घेतलं. झाकण बंद राहावं म्हणून त्यात लोहचुंबक. फोनमधला कंपास म्हणजे पण चुंबकीय सेन्सरच, त्याच्या अंगाला चोवीस तास चुंबक चिकटवलेलं, मग तो उत्तर कुठून सांगणार, तो झाकणाकडंच बघत बसणार. सकाळी कळलं कामून नाही? कारण चालताना नकाशा दिशा जीपीएसवरून काढतो, आणि सिव्हिल कोर्टला नि शनिवारवाड्याला समोरची वास्तूच एवढी मोठी की नकाशा बघायची गरजच पडली नाही. मंडईला वर आल्या आल्या जीपीएस आंधळा, मग सगळा भार कंपासवर, आणि कंपासला चुंबकानं धरलेलं. कव्हर काढलं, दोनदा आठ काढला, बाण गर्रकन फिरला आणि तुळशीबाग दाखवायला लागला. दीड तास! ते कव्हर विकणाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्यानं चुंबक लपवलं नव्हतं, मीच कौतुकानं टकटक वाजवत होतो. ऑस्मअँडला (माझ्या नकाशाच्या ॲपला) मात्र मी मनातल्या मनात लई बोललो होतो, त्याची माफी, ऑफलाइन नकाशाला अजून त्याच्या तोडीचं मला काही मिळालेलं नाही.

टाके कमी करायचा उपाय पण सापडला, लिहून ठेवा. खाली उतरायच्या आधी रेकॉर्डिंग थांबवायचं आणि गेटवर हातानं बिंदू टाकायचा. वर आल्यावर ठिपका स्थिर होईपर्यंत सुरू करायचं नाही. मधला तुकडा नंतर सरळ रेषेनं जोडायचा, तो एकच टाका, प्रामाणिक. माझे अकरा पडले ते रेकॉर्डिंग चालू ठेवून तीनदा खाली-वर केलं म्हणून.

तुळशीबागेचं राम मंदिर, बेलबाग, विश्रामबाग वाडा संध्याकाळपर्यंत उरकले, दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याच्या लाकडी सज्जाखाली पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. भिडे वाड्याची नोंद केली. १८४८ ची मुलींची शाळा तिथलीच, जुनी इमारत डिसेंबर २०२३ ला पाडली, स्मारकासाठी. म्हणजे लाल महालाला जो नियम लावला तो इथं मीच मोडला. असू द्या. सावित्रीबाई ज्या दारातून आत गेल्या ती जागा मी वर्तुळाबाहेर ठेवणार नाही.

आता खूळ. सकाळी उलट्या दिशेनं भरकटलो तेव्हा शुक्रवार पेठेत चिंचेच्या तालमीकडं निघालो होतो, आणि तिथं विचारपूस करताना (हो, शेवटी विचारलंच) काळा हौद हे नाव कानावर आलं. तिथंच डोक्यात घंटा वाजली. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आसपास कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून जो दगडी नळ आणला, त्याच्यावरच पेठेतले हौद भरायचे. नुसत्या उतारानं वाहणारं पाणी, पंप नाही काही नाही, आणि मधे मधे हवा खेळायला नि साफसफाईला उच्छ्वास. म्हणजे आपली संभाजीनगरची नहरच की! मलिक अंबरची नहर याच्यापेक्षा सव्वाशेच्या वर वर्षांनी मोठी, पण अक्कल तीच. आपण पाणचक्कीपासून हर्सूलकडं बंबे (नहरीवरचे असेच उच्छ्वास) हुडकत किती रविवार घालवलेत, आणि पुण्यात जाऊन मी वर्तुळं काढत बसलो.

आणि आता हे बघा. स्वारगेटपासून पुढं कात्रजपर्यंत मेट्रो जमिनीखालून न्यायला २०२४ ला मंजुरी मिळालीय, ५.४६ किलोमीटर. कात्रजहून वाड्याकडं खालून पाणी आलं, तीच दिशा धरून आता खालून माणसं येणार. म्हणून वर्तुळ रद्द. पुढची ट्रिप रेषेची. कात्रजच्या तलावापासून सुरुवात, वरून वरून चालत, वाटेत जेवढे उच्छ्वास आणि हौद सापडतील तेवढे टिपत, मंडईवरून शनिवारवाड्यापर्यंत. सगळं जमिनीवर, म्हणजे एकही टाका नाही. खरं म्हणजे हे लिहिता लिहिता वाटतंय की आधी घरची नहर याच पद्धतीनं एका दमात चालावी, मग पुणे, नाहीतर पुणेकर विचारतील तुमच्याकडची झाली का, आणि आपल्याकडं सगळे तुकडे तुकडे.

ठरलं मग, आधी नहर. कोणाकडं सर्व्हेवाल्यांचा जुना पितळी कंपास असेल तर सांगा, परत देईन, चुंबकापासून लांब ठेवीन. आणि या रविवारी देवगिरी, अंधारीच्या आत आणि बाहेर बॅरोमीटर लावून बघायचाय, सकाळी आठला चिनी महालापाशी. परभणीच्या सरांनी टाके मोजायला यावं, डबा मी आणतो.