तुम्ही विचारलंत म्हणून: न सांगता देता येईल असे औषध

व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन करताना मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: पिणाऱ्याला कळू न देता जेवणात मिसळता येईल असे औषध आहे का? विचारणारी बहुधा पत्नी असते किंवा आई, आणि सगळे उपाय थकल्यावरच ती इथवर आलेली असते. तरीही उत्तर ठाम नकाराचेच आहे.

लोकांच्या मनात असते ते औषध म्हणजे डायसल्फिराम. दारूचे यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य होते आणि मग एका एन्झाइममुळे त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट बनते. डायसल्फिराम त्या एन्झाइमलाच अडवते. त्यामुळे थोडी दारू पोटात जाताच चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि हृदय आधीच कमकुवत असेल तर जिवावरही बेतू शकते. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. ‘आज गोळी घेतली आहे, प्यालो तर भोगावे लागेल’ हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती रोखते. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यावर तो निव्वळ विषप्रयोग होतो, आणि पुढे कळले की घरच्या ताटावरचा त्याचा विश्वास उडतो तो वेगळाच.

दारूवरच्या दुसऱ्या औषधाचे, नाल्ट्रेक्सोनचे, काम निराळे. ते मेंदूतील ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे अफू-हेरॉइनसारखे पदार्थ जिथे चिकटून काम करतात त्या जागा, व्यापून ठेवते, त्यामुळे पिण्यातली मजा फिकी पडते आणि एकानंतर दुसरा पेला हवाच, ही निकड ओसरते. पण तोच माणूस अफू किंवा हेरॉइनही घेत असेल आणि ते घरी कोणाला ठाऊक नसेल, तर चोरून दिलेली एकच गोळी त्याला तीव्र विथड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा एकाएकी तुटल्याच्या त्रासात, ढकलते. दारू थांबवल्यावर मेंदूचा समतोल सावरणारे अकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावे लागते. ते लपवून कोण आणि किती दिवस देणार?

हेरॉइनच्या व्यसनावरील ब्युप्रेनॉर्फिन तर जिभेखाली विरघळवायचे असते, गिळले तर बहुतांश वाया जाते. ते रिसेप्टरला घट्ट धरते पण अर्धवटच चेतवते. म्हणून तलफ शमते आणि नशा एका मर्यादेपुढे चढत नाही. ‘हे दुसरे व्यसनच की’, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगते की शरीराला त्याची सवय राहते हे खरे, पण ओव्हरडोसने होणारे मृत्यू या उपचाराने घटतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन या अशाच उपचारातल्या औषधासह त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. कोकेनसाठी मात्र असे खात्रीचे औषध अद्याप नाही.

दारू पिणाऱ्याची स्वतःची तयारी असेल, तर डॉक्टरांनी तपासून लिहून दिलेली डायसल्फिरामची गोळी त्याने रोज तुमच्यासमोर घ्यावी, हा मार्ग खुला आहे, आणि एकट्याने घेण्यापेक्षा तो अधिक उपयोगी ठरतो. पहिली गोळी शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तासांनी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू मात्र घरच्या घरी एकाएकी तोडू नका. फिटचे झटके येऊ शकतात, आणि ते टाळण्याची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.