जाहिरातीतला न्हावी

व्हर्जिनियात आल्यापासून इथल्या इतिहासाकडे मी पाहुण्यासारखीच बघत होते. परवा मात्र १७७६ सालच्या जुलैमधली एक जाहिरात वाचली आणि चिडले.

ऑफिसातला एकजण आपला पूर्वज शोधतोय, करारावर आलेला सुतार. जहाजाच्या भाड्यापोटी साधारण चार ते सात वर्षं मालकाकडे राबायचं, असे ते करार. अशा कारागिरांचा माग लागतो तो ‘व्हर्जिनिया गॅझेट’ या तेव्हाच्या वर्तमानपत्रातल्या फरारी नोकरांच्या जाहिरातींत. नावावर भिस्त ठेवायची नाही, पळालेला माणूस आधी नाव बदलतो. धंदा धरून शोधायचं. साक्षात जॉर्ज वॉशिंग्टनचीही जाहिरात आहे: एप्रिल १७७५ मध्ये ब्रिस्टलचा सुतार आणि स्कॉटलंडचा वीटकामगार होडीतून पसार, दोघांवर मिळून ४० डॉलर इनाम.

मी आपल्याकडचं कुणी सापडतंय का बघू लागले. नुसतं ‘इंडियन’ टाकलं की इथले मूळ रहिवासीच येतात. शेवटी हा मिळाला. जॉन न्यूटन, वय विशीचं, अंगाने सडपातळ, जन्माने आशियातला इंडियन, लांब काळे केस मागे बांधलेले. व्हर्जिनियात येऊन वर्षभर झालेलं. त्याआधी दहा वर्षं इंग्लंडमध्ये सर चार्ल्स व्हिटवर्थ यांच्याकडे नोकरी, ‘असं तो म्हणतो’. उत्तम न्हावी. आणि चेहरा म्हणे फार आंबट!

आंबट नसेल तर काय? विल्यम्सबर्गहून परतताना मालकाने याला दमलेल्या घोड्याबरोबर मागे ठेवलं, हळूहळू ये म्हणून. हा आलाच नाही. घोडा दमला होता हे मालकाला दिसलं, माणसाचं काय? आणि दहा वर्षांच्या नोकरीवर विश्वास नाही, पण पळून हा हजामतीचा धंदा थाटेल, ही खात्री मात्र पक्की. तो मुंबई बंदरातून निघाला असावा असं मला उगाच वाटत राहतं. जाहिरातीत तसं अक्षरही नाही.

आमच्या मराठी ग्रुपवर टाकलं तर लगेच एकाने लिहिलं, ‘तेव्हाचा एच-वन!’ म्हणजे आमचा इथला नोकरीचा व्हिसा. मला नाही पटलं. माझा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, नोकरी बदलता येते. कागदपत्रांचा छळ होतो, पण येते. इथे पळालेल्याच्या गैरहजेरीचे दिवस करारात दुपटीने वाढवायचा कायदा होता.

एक मानलं पाहिजे, अडीचशे वर्षांपूर्वीचा अंक घरबसल्या, फुकट, पानाच्या फोटोसकट वाचता येतो. आपल्या पेशवे दफ्तरात रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांचे, ढीग आहेत, पण आधी मोडी यायला हवी. अर्थात मोडी न शिकल्याचा दोष दफ्तराचा नाही.

आता तुरुंगांच्या नोटिसा चाळते आहे. पकडलेल्या फरारींची वर्णनं तिथे छापून यायची. मी रोज शोधते, आणि हा तिथे सापडू नये असंही वाटतं.