कुलमुखत्यारपत्र म्हटलं आणि…

मेलबर्नमध्ये मी मराठी दुभाषी म्हणून काम करते. टार्नेटमधल्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात त्या दिवशी 82 वर्षांच्या आजी होत्या. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय.) मुलाला वकीलबाईंनी आधीच बाहेर बसवलं होतं.

कागद 'एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ अटर्नी'चा. मी सवयीने 'कुलमुखत्यारपत्र' म्हटलं आणि आजींनी टेबलावरचा हात उचलून पदराखाली घेतला.

"त्यावरच तर आमची विहिरीची जमीन गेली. धाकट्या दिरानं सासूबाईंचा अंगठा उठवून घेतला न् परस्पर विकली."

हेही मला जसंच्या तसं इंग्रजीत सांगायचं होतं. 'विहिरीची जमीन' काही नीट बसली नाही.

चूक माझीच. शब्द रूढ आहे, पण इथे तोकडा पडतो. भारतात करार कायदा, 1872 च्या कलम 201 प्रमाणे लिहून देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. इथल्या व्हिक्टोरिया राज्यातला हा कागद त्यानंतरही चालू राहतो. दुभाष्याने पदरचं काही घालायचं नसतं, म्हणून वकीलबाईंना म्हटलं, माझ्या शब्दाने घोळ झालाय, तुम्हीच फोड करून सांगा. मग त्या सांगत गेल्या, मी मराठीत आणत गेले. उद्या डोकं चालेनासं झालं तर पैशाअडक्याचं कोणी बघायचं, ते आज ठरवायचं. समज शाबूत आहे तोवर रद्दही करता येतं.

आजी बराच वेळ चष्म्याची काडी पुसत बसल्या. मग असे प्रश्न आले की वकीलबाईंनी वही पुढे ओढली. माझे पैसे लेकाच्या खात्यात जाणार का? घर विकलं तर लेकीला कळेल का? दोघांना नेमलं तर एकट्याच्या सहीवर काम होतं का?

तुम्ही म्हणाल तसं, बाई म्हणाल्या. दोघांनी मिळूनच, असंही लिहिता येतं.

"मग तसंच लिहा. तेव्हा दुसरी सही लागली असती, तर…"

आजी थांबल्या. मीही थांबले. अर्धं वाक्य अर्धंच पोचवायचं असतं.

सही त्या दिवशी झालीच नाही. नवा मसुदा, दोन साक्षीदार (नातेवाईक चालत नाहीत, आणि एक तरी डॉक्टर किंवा शपथपत्रावर साक्ष घ्यायचा अधिकार असलेला हवा), सगळं पुढच्या आठवड्यावर गेलं.

बाहेर मुलगा उठून उभा राहिला. "काय म्हणाली आई?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं.

आजी चपलेत पाय सरकवत होत्या. "ताईला फोन लाव," त्या म्हणाल्या.