आईच्या ओव्या, दहा डिस्क आणि फोडलेलं सील

आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या साठ मिनिटांच्या सहा कॅसेटी आहेत. २००७ साली त्या मी पाच सीडींवर उतरवल्या आणि निर्धास्त झाले. गेल्या दिवाळीत काढल्या तर त्यातल्या दोन वाचल्याच जाईनात. ट्यूबलाइटसमोर धरल्या, तेव्हा मी हौसेने लावलेल्या स्टिकरच्या कडेने सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली. सीडीच्या छापील बाजूला चकाकत्या थरावर नुसतं लॅकरचं पातळ आवरण असतं. स्टिकर कधीच लावू नका.

कॅसेटी शाबूत होत्या म्हणून वाचलो. दोन रविवारांत सहा तासांचं ध्वनिमुद्रण पुन्हा संगणकात आलं, चार जीबीच्या आत, म्हणजे एका ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर मावेल एवढं. अडलं ते पुढे.

दुकानातून दहा डीव्हीडींचा डबा आणला. नाव ओळखीचं, छपाई झकास. पहिल्या तिन्ही डिस्क लिहून झाल्या, पण लिहिलेलं परत वाचून ताडून पाहताना बाहेरच्या कडेशी चुका. डिस्क लिहायच्या इमगबर्न या प्रोग्राममध्ये डिस्कचा मीडिया कोड, म्हणजे ती खरी कोणी बनवली ते सांगणारी डिस्कवरचीच नोंद, पाहिला, तर बनवणारा भलताच! डब्यावर नाव एकाचं, माल दुसऱ्याचा, हे या धंद्यात सर्रास चालतं. चांगला माल म्हणून ज्यांचं नाव घेत त्या जपानच्या तायो युदेनने २०१५च्या अखेरीस डिस्क बनवणं थांबवलं, आपल्याकडची मोझर बेअरही बुडाली. म्हणून नावापेक्षा कोड बघा.

परत द्यायला गेले तर उत्तर मिळालं, "ताई, सील फोडलंय, आता परत घेता येणार नाही." अहो, सील फोडल्याशिवाय कोड दिसतो कसा? दुसऱ्या खेपेला "मालक नाहीत". तिसऱ्या खेपेला "तुमचाच ड्राइव्ह खराब असेल". चौथ्या खेपेला मी लॅपटॉप आणि ड्राइव्ह पिशवीत घालूनच गेले, काउंटरवर मांडले आणि त्यांच्यासमोर चौथी डिस्क लिहिली. पुन्हा तीच चूक, त्याच जागी. गिऱ्हाइकं वाकून बघत होती. तेव्हा कुठे उरलेल्या सहा डिस्कचे पैसे मिळाले. तीन आठवडे गेले त्यात. अजून आठवलं की डोकं तापतं. तुम्ही आधी एकच सुटी डिस्क घ्या, तपासा, मग डबा.

शेवटी भावाकडे ब्लू-रे रायटर होता म्हणून २५ जीबीच्या बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क घेतल्या, एचटीएल प्रकारच्या. डीव्हीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, उजेडाने नि उष्णतेने तो बिघडतो. एचटीएलमध्ये अजैविक थर असतो. एलटीएच असं लिहिलेल्या बीडी-आर मात्र टाळा, त्यांत पुन्हा रंगद्रव्यच.

खूप टिकाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या एम-डिस्कचाही विचार केला होता. पण तिची डीव्हीडी लिहायला ती चालणाराच ड्राइव्ह लागतो, आणि माझा तसला नव्हता.

हो, आणि नाव लिहायचं तर पाण्याच्या शाईच्या पेनाने, मधल्या पारदर्शक कड्यावर. डिस्क कडक डबीत उभी ठेवा, कपाटात, खिडकीपासून लांब.

तीन प्रती केल्या. प्रत्येक ताडून पाहिली, तिन्ही स्वच्छ. एक माझ्याकडे, एक भावाकडे सोलापूरला, कारण तिथली हवा कोरडी. तिसरी आईने स्वतःच्या लोखंडी पेटीत ठेवली, लुगड्यांच्या घडीत.