तुम्ही विचारलंत म्हणून: चिपेच्या प्रयोगात १.५ का येत नाही?

दहावीतल्या मुलांचे पालक आणि नव्याने रुजू झालेले विज्ञान शिक्षकही हमखास विचारतात, की काचेच्या चिपेचा (आयताकृती ठोकळ्याचा) अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाचा हवेतला वेग भागिले काचेतला वेग, १.५ यायला हवा, मग आमचा १.४२ किंवा १.६ का येतो? चीप खराब आहे का?

चीप सहसा ठीकच असते. घोळ होतो कागदावर. या प्रयोगात चीप कागदावर ठेवून तिची बाह्यरेषा काढतात, एका बाजूला दोन टाचण्या टोचतात, पलीकडून चिपेतून बघत आणखी दोन त्यांच्या रेषेत लावतात, आणि या खुणांवरून किरण आखून कोन मोजतात.

हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किमी जाणारा प्रकाश काचेत २ लाखांच्या आसपास येतो, म्हणून तिरका शिरताना स्तंभिकेकडे (किरण शिरतो तिथे काचेच्या बाजूवर काढलेल्या लंबाकडे) वळतो. समोरच्या समांतर बाजूने बाहेर पडताना तेवढाच उलटा वळतो. त्यामुळे निर्गत (बाहेर पडलेला) किरण आपाती (आत शिरणाऱ्या) किरणाला समांतर, फक्त बाजूला सरकलेला. पण समांतर आला म्हणजे प्रयोग जमला असं समजू नका. चिपेची बाह्यरेषा चुकीची काढली तरी तो समांतरच येतो, आणि उत्तर मात्र बिघडतं.

बाह्यरेषेचंच बघा. पेन्सिल बोथट असेल किंवा बाहेरच्या बाजूला कलली असेल, तर रेषा काचेपासून मिलिमीटरभर दूर पडते. ५ सेमी रुंद चीप, आपाती कोन (आपाती किरण आणि स्तंभिका यांतला) ४५°, आणि दोन्ही बाजूंना १ मिमी जास्त: अपवर्तनांक १.५ ऐवजी १.४६ येतो. दर वेळी उत्तर कमीच येत असेल, तर पहिला संशय इथे घ्या. चिपेची रुंदी पट्टीने मोजा आणि कागदावरच्या रेषांमधलं अंतरही मोजा. उत्तर कधी कमी, कधी जास्त येत असेल तर टाचण्या तपासा.

दोन टाचण्यांत ३ सेमी अंतर ठेवलं आणि एक १ मिमी सरकली, तर किरणाची दिशा जवळजवळ २° चुकते. तेच अंतर १० सेमी असेल तर चूक अर्ध्या अंशाच्या जरा वर. म्हणून १० सेमी ठेवाच. नेम धरताना टाचण्यांची डोकी बघू नका, पायथे बघा. एक डोळा मिटून मान किंचित डावी-उजवीकडे हलवा. चारही टाचण्या एकत्र सरकल्या तरच त्या एका रेषेत आहेत. मुंबईच्या जुलैत कागद दमट होऊन फुगतो, मऊ बोर्डात टाचण्या कलतात आणि गंजतातही. कागद चारही कोपऱ्यांना ताणून लावा, स्टीलच्या टाचण्या वापरा. हा प्रयोग पावसाळ्यात घ्यायचाच असेल तर कागद आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवू नये.

आता कोन. आपाती कोनाची ज्या (sin) भागिले अपवर्तित कोनाची, म्हणजे काचेतला किरण आणि स्तंभिका यांतल्या कोनाची, ज्या म्हणजे अपवर्तनांक. पुष्कळ मुलं ३०° वर थांबतात, आणि नेमकं तिथेच नुकसान जास्त. ३०° ला अपवर्तित कोन १९.५° यायला हवा. कोनमापकावर १° इकडेतिकडे झाला की उत्तर १.४३ ते १.५८ मध्ये कुठेही जातं. ६०° ला तीच चूक १.४६ ते १.५४ पर्यंतच नेते. त्याहून तिरकं गेलात तर टाचण्यांच्या प्रतिमा फिकट होतात, कडांना रंग दिसू लागतात. ४५° ते ६०° उत्तम.

खरं तर कोनमापकाची गरजच नाही. आपतन बिंदू (किरण काचेत शिरतो ती जागा) केंद्र धरून कंपासने ५ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. आपाती आणि अपवर्तित किरण ते जिथे छेदतात तिथून स्तंभिकेवर लंब टाका आणि पहिल्या लंबाची लांबी दुसऱ्याने भागा; हाच अपवर्तनांक. ४५° ला हे लंब साधारण ३५.४ आणि २३.६ मिमी भरतात. दुसऱ्यात अर्धा मिमी चुकला तरी उत्तर १.४७ ते १.५३ मध्येच राहतं.

बाह्यरेषेवर अवलंबून नसलेली एक पडताळणीही आहे. आपाती किरण पुढे वाढवा आणि निर्गत किरणापासून त्याचं लंबांतर मोजा. ५ सेमी चिपेला ४५° वर ते साडेसोळा मिमीच्या आसपास यायला हवं. हे जुळलं आणि अपवर्तनांक जुळला नाही, तर बाह्यरेषा पुन्हा काढा.

चीप ॲक्रिलिकची निघाली तरी घाबरू नका. तिचा अपवर्तनांक १.४९ आणि साध्या क्राऊन काचेचा १.५२. टाचण्यांनी हा फरक पकडता येत नाही. त्यामुळे वहीत १.५२३८ असं लिहू नका, १.५ पुरे.